निरंक

टिटवी हे नाव आमचं, कागदावरचं नव्हे.
कागदावर ती नमुना चौथा, उड्डाण सतरावं.
पहिल्याच चाचणीत उतरताना उलटली
आणि पाय वर करून धावपट्टीवर पडून राहिली,
तेव्हा तांबटकर म्हणाला,
हिला वाटतंय आभाळ कोसळेल, पेलायला नको?
आम्ही हसलो. तेव्हा हसायला वेळ होता.

पौषातलं धुकं. महाराजपुऱ्याला उठायला त्याला साडेदहा झाले.
मी डब्यात बसलो होतो. हो, डबाच,
बिनखिडक्यांचा. आईला सांगताना मी ऑफिस म्हणतो.
डावीकडं मोरेन्याचं गजक, उजव्या हातात दांडी.
दांडीला वजन नसतं. वारा लागत नाही.
बावीस किलोमीटरवर ती डोलली
की माझ्या पडद्यावर एक आकडा डोलतो,
तेवढंच.

अकरा वाजून चार मिनिटांनी आकडे थांबले.
पडले नाहीत, थांबले.
उंची चारशे दहा, वेग, तापमान,
सगळे जिथल्या तिथे, फोटोला उभे केल्यासारखे.
मी दांडी ओढली. पुन्हा ओढली.
मांजा कटल्यावरही पोराचा हात
थोडा वेळ ओढतच राहतो, तसं.
अकरा सेकंद.
तिला शिकवलं होतं, संपर्क तुटला तर घरी ये.
ती वळलीही होती, हे नंतर कळलं.
वळण अर्धंच झालं.

भिंडचा रस्ता सोडून बिहडातून जीपला दीड तास लागला.
सिरसीच्या शिवारात मोहरी ऐन फुलावर.
पंख एकीकडं, शेपूट एकीकडं,
आणि त्याकडं कुणीच बघत नव्हतं.
अख्खा गाव शेतात पसरला होता,
काठ्यांनी मोहरी बाजूला सारत, ओळीनं,
हाका मारत. नाव ठाऊक नाही म्हणून नुसतंच
ओ भैया, ओ भैया.
बांधावर कुणी बाज आणून ठेवलेली, वर गोधडी.
विद्यावती कुशवाह, शेत त्यांचंच,
लोटाभर पाणी घेऊन उभ्या, वर वाटी झाकून.
मला म्हणाल्या, लल्ला नहीं मिल रहा.

मी सांगितलं, आत कुणी नसतं.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्या नाकाकडं.
माणूस बसावा त्या जागी
कॅमेऱ्याचा काचगोळा फुटलेला.
तो चला कौन रहा था?
माझा हात वर झाला,
हजेरीला व्हायचा तसा, अर्धाच.
त्यांनी लोटा माझ्यापुढं धरला.
प्यायलो. वाटीला चुलीच्या राखेचा वास होता.

संध्याकाळी अहवाल.
रकाना सहा, मालमत्तेचं नुकसान: मोहरी, अदमासे दीड बिघा.
(ती बहुतेक शोधणाऱ्यांनीच तुडवली. हे लिहायला जागा नव्हती.)
रकाना सात, जीवितहानी.
माझे वडील जीवाजीगंजात देवस्थानचे हिशेब लिहीत.
म्हणत, शिल्लक नसली तरी शून्य काढू नये,
शून्याच्या आधी कुणीही आकडा घुसवतो.
निरंक लिही.
लिहिलं. सही, अ. ग. शिरढोणकर.

शेपटीतला कॅमेरा मात्र मेला नव्हता.
रात्री त्याची नोंद लावली.
आभाळ, पिवळं, आभाळ, पिवळं,
मग बराच वेळ एक देठ, त्याच्यावर एक मधमाशी.
मग पाय. अनवाणी, प्लास्टिकच्या चपलांतले,
एक पोराचा, पायात काळा दोरा.
मग एक चेहरा वाकतो, अगदी जवळ,
पदर दातात धरलेला,
फटीतून आत बघतो, इकडून, तिकडून.
पदर सुटतो. ओठ हलतात.
आवाज नोंदवायची सोय आम्ही ठेवलेली नाही.

तांबटकर म्हणतो, पुढं घे, इथं काही नाहीये.
मी मागं घेतो.